घाटाची वाट आणि विजेची पहिली दुचाकी

बीड जिल्ह्यांत ‘गड’ हा शब्द उच्चारला कीं तट, बुरूज आणि तोफा डोळ्यांपुढें येत नाहींत. टाळ, वीणा आणि पताका येतात. नारायणगड हा असाच गड होय. नगद नारायण महाराजांचें हें स्थान ‘धाकटी पंढरी’ या नांवानें ओळखलें जातें, आणि आषाढी एकादशीस ज्यांना पंढरपुरास जाणें घडत नाहीं असे भाविक या गडाची वाट चालतात. वारकऱ्यास चढ जाचत नाहीं. तो त्याला वर्षांतून एकदां चढावयाचा असतो, सोबतीनें चढावयाचा असतो, आणि वर पोंचल्यावर मिळणारें सुख श्रमाहून मोठें असतें. परंतु ज्याला अशी चढणीची वाट रोज, ठरल्या वेळीं, पोटापाण्याच्या कामासाठीं तुडवावी लागते, त्याची गोष्ट निराळी. त्याला चढ म्हणजे पुण्य नव्हे. तो हिशेबांतील एक मोठी रक्कम आहे.

बीड जिल्ह्याची रचनाच अशी कीं हा हिशेब पुष्कळांस चुकत नाहीं. उत्तरेस गोदावरीकांठची सखल गंगथडी, आणि दक्षिणेस बालाघाटाच्या रांगा. बीड शहर बिंदुसरेच्या कांठीं वसलें आहे. तेथून पालीवरून मांजरसुंब्याकडे निघालेल्या मनुष्यास घाट चढल्यावांचून गत्यंतर नाहीं. शहरांत घर आणि डोंगराच्या बाजूस नोकरी अशी स्थिति शिक्षकांची आहे, आरोग्यसेविकांची आहे, बँकेंतील व टपाल कचेरींतील लोकांची आहे. अशा माणसानें विजेवर चालणारी आपली पहिली दुचाकी कशी निवडावी, हा आजच्या भाषणाचा विषय.

विषय कोरडा वाटूं नये म्हणून श्रोत्यांनीं एका घराची कल्पना करावी. घर बीड शहरांतलें. सून प्राथमिक शिक्षिका. तिची बदली नारायणगडाच्या बाजूच्या एका डोंगरी गांवीं झाली आहे. गणितापुरतें शाळेचें अंतर १८ किलोमीटर मानावें. त्यांतील पहिले १४ किलोमीटर बहुतेक सपाट, शेवटचे ४ किलोमीटर चढाचे. पति खाजगी नोकरींत. सासरे बांधकामावरून निवृत्त झालेले जुने मिस्त्री. नऊ वर्षांची एक मुलगी. एस. टी.ची वेळ शाळेच्या वेळेशीं जमत नाहीं. गाडी जमली नाहीं तर बाईंनीं गांवांतच खोली घेऊन राहावयाचें आणि मुलीला शनिवारीं-रविवारीं भेटावयाचें, असें घरांत बोलणें झालें आहे. तेव्हां प्रश्न केवळ वाहनाचा नाहीं. घर एका छपराखालीं राहातें कीं नाहीं, हा आहे.

विजेची गाडी चढ चढेल काय, ही शंका या घरांत सर्वांनाच होती, आणि ती अनेक घरांत असते. महाराष्ट्राच्या इतिहासानें या शंकेचें उत्तर फार पूर्वींच दिलें आहे. बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं धांवूं लागली. त्या घाटांत ३७ फूट पुढें गेलें कीं रूळ एक फूट वर चढतो. वाफेच्या इंजिनांचा त्या चढावर दम कोंडत असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील विजेची पहिली आगगाडी निघाली, आणि लौकरच विजेच्या तारा घाट चढून पुण्यास पोंचल्या. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ विजेच्याच बळावर घाट चढली. तरीही कर्जतहून लोणावळ्यापर्यंत गाडीस मागून रेटा देणारीं जोड-इंजिनें लावण्याची पद्धति चालूच राहिली. या एका घाटांत आजच्या विषयाचे दोन्ही धडे आहेत. विजेची मोटर चढाला उत्तम, कारण ती जागेवरून निघतांनाच आपला पुरा जोर लावूं शकते. पेट्रोलच्या यंत्रासारखी तिला आधीं गति धरावी लागत नाहीं. हा पहिला धडा. आणि मोटर कितीही उत्तम असली, तरी ओझें व चढ यांच्या मानानें ती पुरेशी नसेल तर मागून रेटा द्यावाच लागतो, हा दुसरा. आगगाडीस रेटा द्यावयास दुसरें इंजिन असतें. एकट्या बाईच्या गाडीस संध्याकाळच्या वेळीं घाटांत रेटा कोण देणार?

रेट्याची आठवण जुन्या पिढीला असेलच. १९७२ हें साल मराठवाड्यास दुष्काळामुळें विसरतां येत नाहीं. त्याच सालीं महाराष्ट्रांत बजाजची ‘चेतक’ आणि किनेटिकची ‘लूना’ या दोन दुचाकी निघाल्या. लूनेला पायटे होते. चढ आला, यंत्र कण्हूं लागलें, कीं स्वार पायटे मारून त्यास हातभार, किंबहुना पायभार, लावीत असे. त्यांत कोणास कमीपणा वाटत नव्हता. पुढें या दोन्ही नांवांना विजेचा जन्म मिळाला: विजेवरची चेतक २०१९ च्या ऑक्टोबरांत लोकांपुढें आली आणि विजेवरची लूना २०२४ च्या फेब्रुवारींत.

आतां बाजारांत पाऊल टाकण्यापूर्वीं एक भेद ध्यानांत घ्यावा. ‘विजेची दुचाकी’ या एका नांवाखालीं तीन निराळ्या जाती विकल्या जातात. पहिली, विजेची सायकल: तिला पायटे असतात, मोटर पायांना साह्य करते, आणि वेग ताशीं २५ किलोमीटरांवर पोंचला किंवा पाय थांबले कीं साह्य बंद होतें. या जातीचा पहिला यशस्वी व्यापारी नमुना जपानांतील यामाहा कंपनीनें १९९३ सालीं विक्रीस काढला. दुसरी जात, मंदगतीची स्कूटर: मोटरीची अर्धा तास टिकणारी शक्ति २५० वॉटांहून कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत. या अटी पाळणारें आणि अधिकृत संस्थेनें तपासून प्रमाणित केलेलें वाहन केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें मोटार वाहनच गणलें जात नाहीं. त्याला नोंदणी नको, चालविणाऱ्यास परवाना नको. तिसरी जात, नोंदणीची स्कूटर किंवा मोटरसायकल: तिला हिरवी पाटी, विमा, परवाना आणि शिरस्त्राण हीं सर्व लागतात.

मिस्त्री सासऱ्यांच्या मनांत दुसरी जात भरली होती. किंमत कमी, परवान्याची यातायात नाहीं, कचेरीच्या खेपा नाहींत. “सूनबाई, पंचवीसच्या वेगानें गेलीस तरी पाऊण तासांत शाळा. घाई कशाला?” असें त्यांचें म्हणणें. पतीच्या मनांत तिसऱ्या जातींतील सर्वांत वेगवान गाडी होती. बाईंच्या मनांत काय होतें हें कोणी विचारलें नव्हतें. आणि खरें पाहतां त्यांच्याही मनांत कांहीं ठरलेलें नव्हतें. एवढेंच त्या म्हणाल्या, “मामा, आधीं चढ किती आहे तें तरी कळूं द्या.”

हें एक वाक्य प्रत्येक खरेदीदारानें घरांत मोठ्यानें म्हणावें. दुकानांतील प्रत्येक आंकडा सपाट रस्त्याचा असतो. आपला रस्ता कसा आहे हें दुकानदारास ठाऊक नसतें. चढ मोजण्यास मोठीं यंत्रें लागत नाहींत. एक मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ एवढें पुरें. फळीचें एक टोंक चढाच्या वरच्या बाजूस रस्त्यावर टेंकवावें, दुसरें टोंक पाणसळींतील बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलावें, आणि त्या टोंकाखालचें अंतर मोजावें. तें ५ सेंटिमीटर भरलें तर चढ शेंकडा ५. ८ भरलें तर शेंकडा ८. ज्यांच्या घरीं पाणसळ नाहीं त्यांना भ्रमणध्वनीवरील नकाशांत दोन ठिकाणांची उंची पाहून सरासरी काढतां येते. मात्र सरासरी ही फसवी असते. गाडी बंद पडते ती सरासरीवर नव्हे, सर्वांत उभ्या वळणावर.

मिस्त्रींनीं एका रविवारीं मुलाबरोबर जाऊन आपल्या हातानें चढ मोजला. बहुतेक ठिकाणीं तो शेंकडा ५ भरला. शेवटच्या वळणावर शेंकडा ८. चार किलोमीटरांत एकंदर २०० मीटर उंची. मग त्यांनीं वहींत गणित मांडलें, आणि त्या गणितानें त्यांचेंच मत पाडलें.

गणित असें. मंदगतीची स्कूटर बॅटरीसकट सुमारें ७५ किलो, बाई ६० किलो, दप्तर व डबा ५ किलो. एकूण १४० किलो. २५० वॉट म्हणजे अश्वशक्तीचा तिसरा भाग. एवढ्या शक्तीनें १४० किलोंचें ओझें शेंकडा ५ च्या चढावर ताशीं १० किलोमीटरांच्या आसपास चढेल, आणि शेंकडा ८ च्या वळणावर ताशीं ७. मागें एखादा मोठा मनुष्य बसला तर ताशीं ५, म्हणजे पायीं चालणाऱ्याचा वेग. मोटर थोडा वेळ अधिक जोर करील, परंतु तो जोर उसना असतो. त्याची फेड उष्णतेनें करावी लागते. मोटर हळू फिरत असतांना तिच्यांत ओतलेल्या विजेचा मोठा भाग चाकास न लागतां तांब्याच्या वेटोळ्यांस तापविण्यांत जातो. अशी गाडी घाटांत तापून थांबली तर तो तिचा दोष नव्हे. सपाटीवरच्या कामासाठीं घडविलेल्या वाहनास घाटांत जुंपणाऱ्याचा तो दोष आहे.

गंमत अशी कीं तेवढीच २५० वॉटांची मोटर सायकलीवर बसविली तर चित्र पालटतें. सायकल २५ किलो, बाई व दप्तर मिळून ६५. एकूण ९० किलो. साधारण प्रकृतीचा मनुष्य कांहीं वेळ सुमारें ७५ वॉट शक्ति पायांनीं सहज देऊं शकतो. तेव्हां शक्ति झाली ३२५ वॉट आणि ओझें झालें हलकें. त्याच शेंकडा ८ च्या वळणावर ही सायकल ताशीं १४ किलोमीटरांच्या सुमारास चढते, म्हणजे मंदगतीच्या स्कूटरच्या दुप्पट. चढावर वजन हाच खरा कर आहे, आणि पायटे ही त्यांतील सूट.

परंतु विजेच्या सायकलींतही तारतम्य आहे. कांहींची मोटर चाकाच्या तुंब्यांत बसविलेली असते. ती स्वस्त व दुरुस्तीस सोपी. कांहींची मोटर पायट्यांच्या मध्याशीं असते; ती साखळीवाटे जोर लावते, म्हणून मागच्या चाकाचे गियर बदलले कीं तिलाही चढ हलका होतो. सपाट गांवांत पहिली पुरे. रोज लांब घाट असेल तर दुसरी, किंमत अधिक पडली तरी, टिकते. कोणतीही घ्यावी, पण तिला चढाचे गियर असावे. एका गियरची विजेची सायकल घाटाच्या माणसानें घेऊंच नये. वीज संपली तर ते गियर हीच घरीं परत येण्याची हमी असते.

आतां बॅटरीचा विचार. बॅटरी ही पाण्याच्या टांकीसारखी समजावी. टांकी किती मोठी हें ‘व्होल्ट’ किंवा ‘अँपिअर-तास’ या एकट्या आंकड्यावरून कळत नाहीं. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे ‘वॉट-तास’ येतात, आणि तेच खरें माप. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास यांची बॅटरी ३६० वॉट-तासांची. हजार वॉट-तास म्हणजे वीजबिलावरचें एक युनिट. ज्या दुकानांत वॉट-तासांचा आंकडा सांगत नाहींत, तेथून नम्रपणें बाहेर पडावें.

मिस्त्रींच्या वहींतील पुढचें पान याच हिशेबाचें होतें. सायकलीस सपाटीवर, पायांचें साह्य धरून, किलोमीटरास सुमारें ८ वॉट-तास लागतात. जातां-येतां २८ किलोमीटर सपाटी, म्हणून २२४. नव्वद किलोंचें ओझें २०० मीटर वर न्यावयास निव्वळ ५० वॉट-तास. पायांचा वांटा वजा करून आणि यंत्रांतील व घर्षणांतील नाश मिळवून सुमारें ५५. उतारास कांहीं नाहीं. एकूण २८०. तेव्हां ३६० वॉट-तासांच्या नव्या बॅटरींत रोज ८० शिल्लक राहातील. पण बॅटरी नवी राहात नाहीं. तिची धारणशक्ति हळूहळू घटते. ती शेंकडा ८० वर आली कीं टांकी २८८ ची होते आणि शिल्लक जवळजवळ शून्य. त्या दिवशीं समोरून वारा असला, कीं घर दोन किलोमीटरांवर असतांना दिवा विझला. म्हणून नियम असा करावा: नव्या बॅटरींत जाऊन-येऊन निदान तिसरा हिस्सा शिल्लक राहिला पाहिजे. ज्याला हा नियम पाळतां येत नाहीं त्यानें मोठी बॅटरी घ्यावी, किंवा कामाच्या ठिकाणीं भारण्याची सोय आधीं विचारून घ्यावी.

नोंदणीच्या स्कूटरचा हिशेब निराळा. तिचें वजन सुमारें १०५ किलो, बाई व दप्तर धरून १७०. शेंकडा ८ चा चढ ताशीं ३० किलोमीटरांनीं चढावयाचा तर चाकाशीं दीड हजार वॉट लागतात. मागें दुसरें माणूस बसलें तर दोन हजारांच्या जवळपास. येथें जाहिरातींतील एक डाव ओळखावा. मोटरीच्या शक्तीचे दोन आंकडे असतात: क्षणभर देतां येणारी कमाल शक्ति, आणि न थकतां देतां येणारी शक्ति. मोठ्या अक्षरांत पहिला छापतात. घाटाच्या मनुष्यानें दुसरा विचारावा. पहिलवान एकदां किती वजन उचलतो हें जत्रेंत पाहावें. हमाल दिवसभर किती वाहतो हें बाजारांत पाहावें. घाटाला हमाल हवा.

या स्कूटरीस सपाटीवर किलोमीटरास सुमारें ३० वॉट-तास लागतात. २८ किलोमीटरांस ८४०. चार किलोमीटरांच्या चढास सुमारें २००. म्हणजे सपाटीवर त्या चार किलोमीटरांस १२० लागले असते तेथें पावणेदोन पट. एकूण एक युनिटाच्या किंचित् वर. दोन युनिटांची बॅटरी असेल तर जेमतेम निम्मी उरते, तीन युनिटांची असेल तर दोन तृतीयांशांच्या आसपास. जाहिरातींतील ‘एका भारणींत इतके किलोमीटर’ हा आंकडा ठराविक चाचणींतून निघतो. घाट, ओझें, ऊन आणि वाढलेला वेग यांच्या हिशेबानें त्यांतून तिसरा हिस्सा आधींच वजा करावा, म्हणजे पुढें पश्चात्ताप होत नाहीं.

उताराकडे नवखा मनुष्य दुर्लक्ष करतो, कारण उतरतांना वीज लागत नाहीं. पण चढावर चूक झाली तर गाडी थांबते. उतारावर चूक झाली तर ती थांबत नाहीं. दोन्ही चाकांस भक्कम ब्रेक असावे, पुढच्यास तरी चकतीचा असावा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरूं नये; दाबावा, सोडावा, पुन्हां दाबावा, म्हणजे तो तापत नाहीं. कित्येक स्कूटरी उतरतांना मोटरीकडून उलट काम करवून थोडी वीज बॅटरींत परत भरतात आणि गाडीही आवरतात. आगगाड्यांनाही ही युक्ति जुनी आहे. परंतु भरलेल्या घागरींत पाणी मावत नाहीं. जो मनुष्य डोंगरावर राहातो आणि रात्रभर बॅटरी पूर्ण भरून सकाळीं उतरूं लागतो, त्याची गाडी वीज परत घेऊं शकत नाहीं, आणि रोजचा तो आवरही त्या वेळीं कमी पडतो. गडावर राहाणारानें म्हणूनच बॅटरी कांठोकांठ भरूं नये. गडाखालीं राहाणारास ही चिंता नाहीं. तो परततांना बॅटरी आधींच कांहीं रिती झालेली असते.

बॅटरीच्या जातीबद्दल दोन शब्द. शिसें व आम्लाची जुनी बॅटरी स्वस्त पडते, पण तिचें वजन फार, आणि चढावर एकदम अधिक वीज ओढली कीं ती लौकर बसते. घाटासाठीं ती वर्ज्य समजावी. लिथियमच्या बॅटरीनें ही सारी क्रांति घडविली. ती १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्यांतही दोन प्रमुख घराणीं आहेत: निकेल-कोबाल्टाची हलकी, आणि लोह-फॉस्फेटाची थोडी जड, परंतु उष्णतेस अधिक सोसणारी व बहुधा अधिक वर्षें टिकणारी. मराठवाड्याचा वैशाख ज्यानें पाहिला आहे त्याला दुसरीचें महत्त्व सांगावें लागत नाहीं.

उष्णतेबरोबर आगीचें भय येतें, आणि तें अगदींच पोकळ नाहीं. २०२२ सालीं विजेच्या कांहीं दुचाकींना आगी लागल्यावर सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ पासून दोन टप्प्यांत लागू झाले. नोंदणीची गाडी घेतांना ती या सुधारलेल्या नियमांखालीं मंजूर झालेली आहे काय हें लेखी पाहावें. जुना पडून राहिलेला माल स्वस्तांत मिळत असेल तर अधिकच पाहावें. बाकीची काळजी घरच्यांनीं घ्यावयाची. घाट चढून आलेली गाडी लगेच भारावयास लावूं नये. अर्धा तास सावलींत निवूं द्यावी. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. भिंतींतील खटका व तारा त्या भाराच्या आहेत काय आणि अर्थिंग बरोबर आहे काय, हें वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें. जिन्याखालीं, दाराच्या वाटेंत किंवा निजण्याच्या खोलींत बॅटरी भारूं नये. तिसऱ्या मजल्यावर राहाणारांनीं बॅटरी सुटी निघते काय, आणि ती घरांतील बायकामाणसांस उचलवते काय, हें दुकानांतच उचलून पाहावें.

पैशाचा प्रश्न शेवटीं घेतला आहे, पण तो शेवटचा नाहीं. पेट्रोलची स्कूटर लिटरामागें ४५ किलोमीटर जाते असें धरलें, तर तेवढ्याच वाटेस विजेच्या स्कूटरीस, भारणींतील नाश धरून, दीड युनिटाच्या आसपास वीज लागते. आपल्या गांवचा पेट्रोलचा भाव आणि आपल्या बिलावरचा युनिटाचा दर शेजारीं शेजारीं लिहिला कीं उत्तर आपोआप मिळतें. मात्र त्याच कागदावर बॅटरी बदलण्याचा खर्चही लिहावा, आणि हमी किती वर्षांची, किती किलोमीटरांची व किती धारणशक्तीची आहे, हें विचारावें. सरकारी साह्याच्या आशेवर निर्णय टांगूं नये. केंद्र सरकारची एक योजना एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत चालली. तिच्यांतील दुचाकींचें साह्य मध्यंतरीं जून २०२३ मध्यें कमी झालें. नंतर ऑक्टोबर २०२४ पासून दुसरी योजना आली ती त्याहून कमी रकमेची. साह्य मिळालें तर घ्यावें. न मिळालें तर ज्या गाडीचा हिशेब मोडतो ती गाडी मुळांतच परवडणारी नव्हती.

या राज्यांत घाटाच्या माणसांना विजेच्या वाहनानें काय दिलें याचें एक उदाहरण माथेरानांत आहे. तेथें मोटारींस बंदी. प्रवाशांच्या हातरिक्षा माणसेंच चढावर ओढीत. २०२२ च्या डिसेंबरांत तेथें विजेच्या रिक्षा प्रयोगादाखल धांवूं लागल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें माणसांनीं ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाच्या छातीवरचा चढ यंत्राच्या अंगावर जाणें, ही लहान गोष्ट नव्हे.

बीडच्या त्या घरांत काय ठरलें? सायकलीचें गणित सर्वांना आवडलें. अंतर सहा-सात किलोमीटर असतें तर बाईंनीं तीच घेतली असती. पण अठरा किलोमीटर जावयास जवळजवळ एक तास, मग वर्गांत दिवसभर उभें राहाणें, आणि चैत्र-वैशाखांत पुन्हां परत येणें, हा भार रोजचा होता. मंदगतीच्या स्कूटरीचें नांव मिस्त्रींनीं स्वतःच वहींत खोडलें. पतीच्या वेगवान गाडीचेंही नांव मागें पडलें. कारण कमाल वेगाचा त्या वळणांवर उपयोग नाहीं, आणि तिचें दुरुस्तीचें दुकान बीडांत नव्हतें. बिघडलेली गाडी दुसऱ्या जिल्ह्यांत न्यावी लागणें हाही एक घाटच होय. तेव्हां तीन युनिटांच्या आसपास बॅटरी, सततच्या शक्तीचा आंकडा लेखी देणारी, आणि शहरांतच दुरुस्ती होणारी मध्यम स्कूटर असें ठरलें. परवाना काढण्यापुरतें महिनाभर थांबावयाचें ठरलें.

दुकानदारानें गाडी दाखविली ती अर्थात् दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर. मिस्त्रींनीं हात जोडून सांगितलें कीं खरेदी वळणावर होईल, येथें नाहीं. थोडी कुरकुर झाली; शेवटीं दुकानचा माणूस गाडी घेऊन बरोबर आला. शेंकडा ८ च्या त्याच वळणावर गाडी मुद्दाम थांबविली, मिस्त्री मागें बसले, आणि परवाना असलेल्या मुलानें ती तेथूनच पुन्हां चालूं केली. गाडी कुरकुरली नाहीं, मागें घसरली नाहीं, निघाली. वर पोंचल्यावर बॅटरीचा आंकडा वहींतल्या आंकड्याशीं ताडून पाहिला, आणि उतरतांना दोन्ही ब्रेकांना हात लावून ते किती तापले हें मिस्त्रींनीं आपल्या जुन्या संवयीनें पाहिलें. पसंतीचा शब्द मात्र त्यांनीं उच्चारला नाहीं. त्यांनीं वही सुनेच्या हातांत दिली आणि म्हटलें, “आतां तूं सांग.”

ज्यांना आपली पहिली विजेची दुचाकी घ्यावयाची आहे त्यांनीं या घरापासून एवढेंच घ्यावें. गाडी जाहिरातींत निवडूं नये, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून निवडूं नये. आपल्या वाटेवरचें सर्वांत उभें वळण शोधावें, तें मोजावें, आपलें ओझें लिहावें, आणि त्या वळणावर उभें राहून निवड करावी. जी गाडी तेथून भरल्या ओझ्यानें निघते, उतरतांना धन्याच्या हातीं राहाते आणि दिवसाअखेर तिसरा हिस्सा शिल्लक ठेवून अंगणांत येते, ती आपली. मग दिवेलागणीस मुलगी दारांत उभी राहून वाट पाहात असेल, तर तिला फार वेळ उभें राहावें लागणार नाहीं.